पोर्टिंगची नोंद: टक्केवारी वाढली आणि हेड बिघडलं

पोर्टिंग म्हणजे इंजिनाच्या हेडमधल्या हवेच्या वाटा (पोर्ट) घासून सुधारणं. मागच्या नोंदीत एक्झॉस्ट-इनटेकची 73 टक्के टक्केवारी, म्हणजे एक्झॉस्ट पोर्टमधला प्रवाह भागिले इनटेकमधला, कौतुकाने लिहिली होती. ती खोडतो. स्पार्क प्लग हातानेच फिरवून ठेवला होता, वॉशरमधून हवा गळत होती आणि ती सगळी एक्झॉस्टच्या खात्यावर जमा होत होती. प्लग पान्याने आवळल्यावर एक्झॉस्टचे 33चे 31 सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) झाले. आता प्रत्येक बैठकीला आधी दोन्ही व्हॉल्व्ह बंद ठेवून गळती बघतो, मगच वही उघडतो.

हेड दोन व्हॉल्व्हचं, इनटेक 31 मिमी, एक्झॉस्ट 27. माझा बेंच, म्हणजे पोर्टमधून किती हवा जाते ते मोजायचा सांगाडा, व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरवर चालतो, त्यामुळे आकडे पाण्याच्या 10 इंच दाबफरकाचे आहेत. 28 इंचांवर घेतलेल्या आकड्यांशी तुलना करायची तर साधारण 1.67 ने गुणा.

7 मिमी लिफ्टला, म्हणजे व्हॉल्व्ह तितका उघडल्यावर, इनटेक 45, एक्झॉस्ट 31. म्हणजे 69 टक्के. 75च्या आसपास हवं, म्हणून हात शिवशिवत होते. इनटेकची शॉर्ट साईड, म्हणजे पोर्ट जिथे सीटकडे (व्हॉल्व्ह टेकतो त्या कड्याकडे) वळतो ती आतली कड, मला उगाच उंच वाटली. घासायचा फिरता बर लावला, जेमतेम दीड मिमी खाली घेतली. पुन्हा मोजलं तर 5 मिमीपर्यंत सगळं ठीक, पुढे लिफ्ट वाढवली की आकडा वर जायचा सोडून 42वर अडकला आणि पोर्टमधून फरफर आवाज यायला लागला. तारेच्या टोकाला दोरा बांधून आत धरला. छताजवळ सरळ, शॉर्ट साईडवर मात्र वेडावाकडा नाचत होता. वळण तीव्र झालं होतं आणि हवा भिंत सोडत होती.

गंमत म्हणजे टक्केवारी 74 झाली! कागदावर इतकं छान हेड माझ्याकडे कधीच नव्हतं. भागाकारात वरचा आकडा वाढला की खालचा घटला, हे उत्तरात दिसत नाही.

गोलाई परत आणायला खेळण्यातली चिकणमाती बोटाने दाबून बसवली. 45 परत आले, आवाज गेला. आता तिथे पेट्रोलला टिकणारा इपॉक्सी भरून त्याच आकारात घासायचं आहे. एक्झॉस्टमध्ये हा उपाय चालला नसता, तिथल्या उष्णतेत इपॉक्सी तग धरत नाही.

एक्झॉस्टचा बोगदा आता मोठा करणार नाही. व्हॉल्व्ह उघडताना सिलिंडरमध्ये भरपूर दाब असतो, बराचसा वायू कमी लिफ्टलाच बाहेर पडतो. माझी सीट मात्र रुंद आणि खडबडीत आहे. म्हणून पुढचं काम सीटचं: 30-45-60 चे कोन. त्यानंतर आधी 2 आणि 3 मिमीचे आकडे बघेन. शिवाय एक्झॉस्टला आखूड नळी जोडून मोजलं तर 33 येतात, म्हणून यापुढे सगळ्या नोंदी नळीसकटच.