तूर विकली नाही, तारण ठेवली

औसा तालुक्यात आमची साडेतीन एकर कोरडवाहू जमीन आहे. सोयाबीनमध्ये तुरीचं आंतरपीक, तेही पावसानं साथ दिली तर. ठिबक, शेततळं, नवं बियाणं, सगळे सल्ले ऐकले, काही पाळलेही. पण एकरी उतारा वाढला तरी जानेवारीत माल घरात यायला आणि मजुरांची, मळणीवाल्याची देणी दारात उभी राहायला एकच गाठ पडते. त्यात ३१ मार्चच्या आत पीककर्ज भरलं नाही तर व्याजाची सवलत जाते. त्यामुळे सगळा गाव एकाच महिन्यात तूर बाजारात नेतो आणि भाव नेमका तेव्हाच पडतो. आडत्याकडून उचल घ्यावी तर व्याज शेकडा दोन रुपये महिना, वर माल त्याच्याच दुकानी घालायचा.

२०२३ च्या जानेवारीत मी १२ क्विंटल तूर बाजार समितीच्या गोदामात तारण ठेवली. पणन मंडळाची ही शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासूनची आहे, तरी आमच्याकडे ती घेतलेला माणूस शोधावा लागला.

कागद थोडेच लागले: सातबारा, आधार, पासबुक. सातबाऱ्यावर तुरीची नोंद मात्र हवीच, कारण व्यापाऱ्याचा माल या योजनेत चालत नाही. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून आपल्या पिकाची नोंद, करताना मिश्र पीक निवडलं होतं, ते कामी आलं. शेजाऱ्याच्या नोंदीत नुसतं सोयाबीन होतं, त्याची गाडी परत गेली.

खरा वेळ गेला गोदामाच्या दारात. तिथला माणूस प्रत्येक कट्ट्यात टोकदार पोकळ नळी खुपसायचा, मूठभर दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारायचा, मग मॉइश्चर मीटरमध्ये टाकायचा. दोन कट्ट्यांत ओलावा जास्त निघाला. तिथंच ताडपत्रीवर तूर पसरली आणि दुपारभर पायानं चाळवत बसलो. हमाल हसत होते. उन्हं कलल्यावर पुन्हा मोजणी झाली, तोलाई झाली आणि पावती हातात पडली.

कर्जाचा हिशेब आधी समजून घ्यावा. बाजारभाव आणि हमीभाव यांत जो कमी, त्याच्या ७५ टक्के मिळतात. बाजारात क्विंटलला ७,१०० चालू होते, पण हमीभाव ६,६००. म्हणजे मालाची किंमत धरली ७९,२०० आणि हाती आले ५९,४००. त्यातून मजुरी भागली, पीककर्जही वेळेत भरलं. व्याज वर्षाला ६ टक्के, मुदत १८० दिवस. ती उलटली की दर वाढतो. गोदामभाडं शेतकऱ्याकडून घेत नाहीत.

उन्हाळ्यात भाव चढत गेला. जूनच्या २ तारखेला केंद्रानं तुरीवर साठामर्यादा लावली, म्हणजे व्यापाऱ्यांना ठरावीक साठ्यापेक्षा जास्त तूर ठेवता येणार नव्हती. आता भाव पडेल या भीतीनं माझा धीर सुटला. घरचे म्हणत होते, अजून थांबा. मी महिन्याच्या मध्यावर ९,५०० नं विकून टाकली. पाच महिन्यांचं व्याज झालं १,४८५. जानेवारीच्या भावापेक्षा २८,८०० जास्त आले होते. व्याज आणि हमाली जाऊन २६ हजारांच्या वर राहिले. तेवढ्याच जमिनीत, तेवढ्याच पावसावर. उतारा वाढवून इतकं मिळवायचं तर आणखी चार क्विंटल तूर पिकवावी लागली असती, आणि आमच्या रानात ती येत नाही.

बारा क्विंटलवाल्याला हे जमलं. ज्याची तूर तीन क्विंटल, त्याला गाडीभाडं आणि मोडलेला दिवस धरून फार काही उरत नाही. अशा चौघा-पाचजणांनी एकच गाडी करावी, पावती मात्र ज्याची त्याच्या नावावर.

त्याच वर्षी हुरूप येऊन दिवाळीनंतर सोयाबीन ठेवलं, तर भाव खालीच गेला आणि मार्चमध्ये तोट्यात सोडवावं लागलं. सोयाबीनचा भाव बाहेरच्या तेल-पेंडीच्या बाजारावर हलतो, गोदामात ठेवून तो चढेलच असं नाही. आता तूर सगळी ठेवतो, सोयाबीन निम्मं लगेच विकतो.