लिहून देता येणार नाही

"मॅडम, तोंडी सांगते, पण ईमेलवर लिहून देता येणार नाही."

क्रूझ कंपनीच्या कस्टमर केअरमधली मुलगी हे इतक्या गोड आवाजात म्हणाली की मी जवळजवळ थँक यू म्हणणार होते.

जहाज सिंगापूरहून निघतं, मलेशियातल्या पेनांगला थांबतं, परत सिंगापूरला येतं. म्हणजे सिंगापूरमध्ये दोनदा प्रवेश. मग आईबाबांचा व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचाच लागणार ना? "लागेल बहुतेक. वकिलातीत विचारून घ्या."

कागद अपुरा निघाला तर मात्र जहाजावर घेणार नाहीत आणि पैसेही बुडाले. ही अट बरी लेखी असते! पैसे घेताना नियम यांचे, उत्तर द्यायची वेळ आली की वकिलातीचे.

मुरगाव बंदरातली क्रूझ बघून बाबांना हौस आली होती. आता म्हणतात, "सोड गो, पणजीहून फेरीबोटीन बेतीला जाऊन येऊ. आधारही मागत नाहीत."

तुमच्यापैकी कुणाला मिळालंय का असं काही लेखी?