ज्यांनी शाळा काढली ते, आणि आम्ही

माझगावात आमच्या चाळीतली बहुतेक मुलं कदूरी शाळेतच जायची. शाळा चालत जाण्याइतकी जवळ आणि मोठी भावंडं आधीपासून तिथंच, एवढं कारण आमच्या घरच्यांना पुरेसं होतं. माझे वडील गोदीत कामाला. वर्गात कुणाचे वडील गिरणीत, कुणाचे रेल्वेत, कुणाची आई घरी शिवणकाम करायची. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातली, मुलं होती, मुसलमान होती, आमच्यासारखी रत्नागिरीकडून आलेली कुटुंबं होती. ही शाळा कुणी काढली, कुणासाठी काढली आणि इतकी वर्षं ती कुणाच्या पैशावर चालली, हे आम्ही कधी विचारलं नाही. ते मला नोकरीला लागल्यावर, वाचनातून आणि जुन्या शेजाऱ्यांशी बोलण्यातून कळलं. आज शाळेत शिकणाऱ्या मुलांत ज्यू मुलं जवळजवळ नाहीत. म्हणूनच हे त्यांच्यासाठी लिहून ठेवावंसं वाटतं.

शाळा 1875 ची. तेव्हा तिचं नाव इस्रायलाइट स्कूल. हाईम सॅम्युएल केहिमकर नावाच्या अलिबागकडच्या गृहस्थांनी काही सोबत्यांच्या मदतीनं ती सुरू केली. बेने इस्रायल समाज कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातल्या गावागावांत शेकडो वर्षं तेलाचे घाणे चालवत आला होता. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. अठराव्या शतकापासून ही माणसं मुंबईत येऊ लागली आणि फौजेत, सुतारकामात, पुढं कचेऱ्यांत कारकुनीत शिरली. सामाजी हसाजी दिवेकर हे त्यांच्यातले एक सैनिक. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी 1796 साली मांडवी भागात मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, बांधलं. ते आजही आहे, मात्र नंतर जवळच बांधलेल्या इमारतीत. सुटका झाल्याचं ऋण त्यांनी साऱ्या समाजाला जमता येईल अशा जागेनं फेडलं. समाजाचा कल तेव्हापासूनचा दिसतो.

मुलांच्या शिक्षणाची सोय तोवर मुख्यतः मिशनऱ्यांच्या शाळांत होती. तिथं मराठी आणि हिब्रू शिकवत, आणि ते शिक्षण चांगलं होतं, हे केहिमकरांच्या पिढीनं मोकळेपणानं मान्य केलं आहे. पण आपल्या मुलांना आपला धर्म दुसऱ्यानं शिकवायचा, ही गोष्ट त्यांना पटत नव्हती. स्वतःची शाळा हवी होती, आणि समाजात श्रीमंत असे फारसे कुणी नव्हते. पगारातून दर महिन्याला थोडं थोडं देणारी माणसं, लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशनचं अनुदान आणि केहिमकरांची न थकता केलेली पत्रापत्री यांवर शाळा उभी राहिली आणि पुढं हायस्कूल झाली.

त्याच मुंबईत त्याच वेळी ससून हे श्रीमंत ज्यू घराणं होतं. बगदादहून 1832 च्या सुमारास आलेल्या डेव्हिड ससून यांच्या घराण्याच्या नावाचं रुग्णालय, ग्रंथालय, गोदी सगळ्यांना माहीत आहे. पुण्याच्या ससून रुग्णालयात ज्याच्या घरचं कुणी कधी दाखल झालं नाही असं कुटुंब पुणे जिल्ह्यात शोधावं लागेल. त्या दानाचं मोल मोठंच आहे. तरी माझ्या मनात केहिमकरांची शाळा थोडी वर बसते. कारकुनाच्या पगारातून निघालेली वर्गणी ही त्या घराच्या किराण्यातून निघालेली असते. केहिमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास 1897 मध्ये लिहून पूर्ण केला. तो छापून निघाला 1937 साली, तेल अवीवमध्ये. लेखक तेव्हा हयात नव्हते. आपल्या हातानं लावलेल्याचं फळ पाहायला आपण असूच, असं धरून या माणसांनी काही केलेलं दिसत नाही.

हे मुलांपर्यंत कसं पोचत असेल, याचं उत्तर मला आमच्या चाळीत मिळालं होतं, फक्त तेव्हा ते कळलं नाही. आमच्या शेजारी एक बेने इस्रायली कुटुंब राहायचं. घरातल्या आजी नऊवारी नेसायच्या आणि आमच्या आजीइतकंच ठसकेबाज अलिबागी मराठी बोलायच्या. शुक्रवारी दिवेलागणीला काचेच्या पेल्यात पाणी, वर तेल आणि वात असा दिवा लागायचा. दिवा लावण्याआधी त्या फडताळावरून एक पत्र्याची डबी काढायच्या. झाकणाला चीर पाडलेली. धाकट्या नातवाच्या मुठीत नाणं द्यायच्या आणि त्याला उचलून धरायच्या. नाणं त्यानंच टाकायचं. त्याचा नेम चुकला, नाणं फरशीवर घरंगळलं, तर दुसऱ्या कुणी उचलून टाकायचं नाही. पुन्हा त्याच्याच मुठीत द्यायचं. एकदा मी वाकून उचललं, तर आजी म्हणाल्या, "राहू दे बाळा. त्याच्या हाताला सवय लागली पाहिजे." पैसे कुणाला जातात, असं मी विचारलं होतं. "ज्याला लागतात त्याला," एवढंच त्या म्हणाल्या.

त्यांचा पुरीम हा सण होळीच्या आसपास येतो आणि त्या घरात त्याला होळीचा सणच म्हणायचे. त्या दिवशी दोन गरजूंना तरी काही दिल्याशिवाय सण पुरा होत नाही, असा त्यांचा धर्म सांगतो. मलिदा केला की पोहे, खोबरं, साखर आणि फळांचं ताट आमच्याकडे यायचं. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचा नवस असो की घरातलं लग्न, शेजाऱ्यांचा वाटा ठरलेला. पोरांनी ताटं पोचवायची. देणं हे काम मोठ्यांचं आणि कौतुक मुलांचं, अशी वाटणी त्या घरात नव्हती.

आता शाळेच्या नावाबद्दल. सर एली कदूरी हेही मूळचे बगदादचे ज्यू. कोवळ्या वयात ससून कंपनीत लागले आणि मुंबईहून 1880 साली हाँगकाँगला गेले. चीनमधल्या एका बंदरात साथ पसरली असताना त्यांनी कंपनीच्या कोठारातलं जंतुनाशक वाटून टाकलं, वरिष्ठांनी जाब विचारला तेव्हा नोकरी सोडली, असं त्यांच्याबद्दल सांगतात. पुढं ते स्वतः मोठे व्यापारी झाले आणि बगदादपासून अनेक ठिकाणी त्यांनी शाळांना पैसा दिला. 1930 च्या दशकात त्यांच्या देणगीमुळे आपल्या शाळेला त्यांचं नाव मिळालं. एली बगदादी आणि आपली शाळा बेने इस्रायलांची. त्या काळी मुंबईत या दोन समाजांमध्ये अंतर होतं. ते गोडीगुलाबीनं राहत होते असं म्हणणं खरं होणार नाही. ते अंतर ओलांडून ही देणगी आली, याला माझ्या लेखी रकमेपेक्षा जास्त किंमत आहे.

एली 1944 मध्ये जपान्यांच्या ताब्यातल्या शांघायमध्ये वारले. त्यांचे मुलगे लॉरेन्स आणि होरेस. होरेस यांनी नाझींपासून पळून शांघायला आलेल्या ज्यू निर्वासितांच्या मुलांसाठी शाळा काढली होती. युद्धानंतर हाँगकाँगला चीनमधून निर्वासितांचे लोंढे आले, तेव्हा या भावांनी 1951 मध्ये शेतकऱ्यांना मदत करणारी संस्था सुरू केली. बियाणं, बंधारे, पायवाटा, बिनव्याजी कर्ज. आणि डुकरं. विधवांना आणि गरीब शेतकऱ्यांना त्यांनी पाळायला डुकरं दिली. ज्यांच्या धर्मात डुकराचं मांस खाणं निषिद्ध, त्यांनी ती विकत घेऊन वाटली, कारण त्या गावांत कुटुंब सावरायचा तोच खात्रीचा मार्ग होता. पुढं गुरखा सैनिकांना निवृत्त होऊन नेपाळला परतण्याआधी शेतीचं शिक्षण द्यायलाही त्यांनी मदत केली. बापानं शाळांना दिलं म्हणून मुलांनी शाळांनाच द्यायचं, असं झालं नाही. मुलांनी बापाची सवय घेतली आणि समोरच्याची गरज बघून देणं बदललं.

बाराव्या शतकात मायमोनिडीस नावाचे ज्यू धर्मपंडित आणि वैद्य होऊन गेले. त्यांनी दानाच्या आठ पायऱ्या लावल्या. नाराजीनं देणं सगळ्यांत खाली. देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही आणि घेणाऱ्याला देणारा, ही पायरी खूप वरची. तिच्याही वर, सगळ्यांत उंच, एकच: कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन माणसाला अशा जागी उभं करणं की त्याला पुन्हा मागावं लागू नये. हाँगकाँगचं बिनव्याजी कर्ज हे या शेवटच्या पायरीवरचं. त्याआधीची पायरी मी आपल्या शाळेत पाहिली आहे.

आमच्या एक बेने इस्रायली बाई होत्या. वार्षिक परीक्षा संपली की त्या वर्गातल्या सगळ्यांची पाठ्यपुस्तकं गोळा करायच्या. जूनमध्ये खालून वर आलेल्या मुलांना ती मिळायची. कुणाला नवी पुस्तकं परवडतात आणि कुणाला नाही, हे वर्गाला कळू नये म्हणून त्यांनी साधी व्यवस्था केली होती. पहिल्या आठवड्यात एक पूर्ण दुपार सगळ्या वर्गानं पुस्तकांना कव्हरं घालायची. दुकानातून कालच आणलेलं कोरं पुस्तक असो की जुनं, प्रत्येकाला तोच तपकिरी कागद. कुणीतरी घरून गव्हाची खळ करून आणायचं. पहिल्या पानावरचं जुनं नाव बाई खोडू देत नसत. त्यावर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवायची आणि तिच्यावर नवं नाव. ती पट्टी सगळ्यांच्याच पुस्तकात चिकटवायची, नव्या कोऱ्या पुस्तकातसुद्धा. वर्षभर मग कुणाचं पुस्तक कुठून आलं ते ओळखता येत नसे. माझी जवळजवळ सगळी पुस्तकं जुनी होती, आणि हे शेजारच्या बाकावरच्या मुलाला कधीही कळलं नाही.

आज वह्यावाटपाच्या कार्यक्रमात मुलांना रांगेत उभं करून, मागं फलक लावून, हातात वही धरलेला फोटो काढतात. मला ते बघवत नाही. देणाऱ्यांचा हेतू चांगला असेल. पण त्या मुलाला तो फोटो आयुष्यभर पुरतो.

आमच्या वर्गातली बेने इस्रायली मुलं एकेक करून कमी होत गेली. 1948 नंतर सुरू झालेलं इस्रायलला जाणं आमच्या वेळीही थांबलं नव्हतं. हजेरीपटावरचं एखादं नाव सुट्टीनंतर पुकारलंच जायचं नाही. शेजारच्या आजींचं कुटुंबही गेलं. समाज पातळ होत गेला, पण ज्यांच्यासाठी शाळा काढली ती मुलं उरली नाहीत म्हणून जबाबदार मंडळींनी दार लावून घेतलं नाही. गल्लीत जी मुलं होती ती आत आली आणि त्यांना तेच शिक्षण मिळालं. त्यांच्यातलाच मी एक. माझ्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढं गेलेला मी पहिला, आणि त्यासाठी माझ्या जातीच्या, धर्माच्या, गावच्या कुणीही एक पैसा दिला नव्हता.

जुन्या वर्गातले काही जण आता इस्रायलमध्ये अश्दोद आणि लोदला असतात. त्यांच्याशी फोनवर मराठीतच बोलणं होतं. त्यांच्याशी आणि मुंबईतल्या मित्रांशी ठरवून आम्ही एक छोटा निधी सुरू करतो आहोत. दहावीनंतर आयटीआय, डिप्लोमा, नर्सिंग असं काही शिकू पाहणाऱ्या आपल्या शाळेच्या मुलामुलींना त्यातून बिनव्याजी कर्ज मिळेल. नोकरी लागल्यावर जमेल तसं फेडायचं, आणि आलेला पैसा पुढच्या मुलाला जाईल. देणाऱ्यांची यादी कुठं लागणार नाही, घेणाऱ्यांचीही नाही. रक्कम लहान असली तरी चालेल, फक्त दर महिन्याला यावी. घरात नातवंडं असतील तर पैसे त्यांच्या हातानं पाठवा, एवढी माझी विनंती आहे. पहिली मागणी आली आहे: एका मुलीला डिप्लोमाची पहिल्या सत्राची फी आणि ड्रॉइंगचं सामान हवं आहे. प्रवेशाची मुदत जवळ आहे, तेव्हा ज्यांना यायचं आहे त्यांनी या महिन्यातच कळवावं.