काळी तीनचा गीतकार आणि सरकणारा पियानो

न्यूयॉर्कमध्ये जुने पियानो दुरुस्त करताना ट्रान्सपोजिंग पियानो, म्हणजे पट्ट्यांची रांग सरकवून स्केल बदलता येणारा पियानो, क्वचितच हाती लागतो. परवा एक आला. उभा पियानो, पट्ट्यांखाली लोखंडी दांडा. दांडा मधल्या घरात असला की सगळं ठीक, पण एक घर उजवीकडे घेतला की काही पट्ट्यांतून दोन-दोन सूर एकदम वाजत.

अमेरिकन गीतकार-संगीतकार अर्विंग बर्लिन याच जातीच्या पियानोवर गाणी बांधत. 1893 साली, पाच वर्षांचे असताना, ते आईवडिलांबरोबर रशियातून न्यूयॉर्कला आले. सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, गाणारे वडील 1901 मध्ये वारले. मुलगा घर सोडून गुत्त्यांतून गात हिंडू लागला आणि चायनाटाउनमधल्या पेल्हम कॅफेत गाणारा वेटर झाला. पियानोवर हात तिथेच बसला, तोही एकाच स्केलमध्ये: काळी तीन, म्हणजे एफ शार्प. 1907 मधल्या पहिल्या छापील गाण्याचे फक्त शब्द त्यांचे होते, 1911 चं ‘अलेक्झांडर्स रॅगटाइम बँड’ येईपर्यंत चालीही त्यांच्याच होऊ लागल्या होत्या.

ते फक्त काळ्या पट्ट्या वाजवत असं सर्रास सांगतात, ते तंतोतंत खरं नाही. काळी तीनला षड्ज धरला तर शुद्ध सप्तकातले पाच सूर काळ्यांवर येतात, मध्यम आणि निषाद मात्र पांढऱ्यांवर. पण वर उचललेल्या काळ्या पट्ट्या न शिकलेल्या बोटांना चटकन सापडतात, आणि बोटं एकदा तिथे वळली की सुटत नाहीत. गायिकेला पांढरी पाच हवी असेल तर? बोटं तिथेच, दांडा एक घर वर. आपल्या स्केल चेंजर पेटीसारखंच: सूर जागेवर, पट्ट्यांची रांग सरकते.

पियानोत हे अवघड जातं, कारण पट्टी आणि तार यांच्यामध्ये हातोडीची अख्खी यंत्रणा असते. सप्तकाची रुंदी सुमारे 165 मिलिमीटर, म्हणजे प्रत्येक सुराला पावणेचौदा मिलिमीटर. साध्या पियानोत लोखंडी चौकटीच्या मध्ये येणाऱ्या आधारांमुळे हातोड्यांमध्ये मोकळ्या फटी असतात आणि लाकडी पट्ट्यांची मागची टोकं त्याप्रमाणे तिरकी जातात. इथे ती चैन नाही, अंतर सगळीकडे सारखंच लागतं.

या पियानोत दांडा अडकतो ती खाच झिजली होती. पट्ट्या दोन-तीन मिलिमीटर अलीकडेच थांबत आणि पट्टीच्या मागच्या टोकावरचा कॅपस्टन (हातोडीची यंत्रणा उचलणारा, उंची बदलता येणारा स्क्रू) शेजारच्या हातोडीलाही उचले. खाचेत मेपलचा तुकडा चिकटवून ती नव्याने कापली. माप जुन्या खाचेवरून घेतलं नाही, थेट यंत्रणेवरून घेतलं.

खरं काम त्यापुढे होतं. आधी कुणीतरी प्रत्येक कॅपस्टन मधल्या घरात, त्याच्या समोरच्या हातोडीपुरता वरखाली केला होता. साध्या पियानोत हेच बरोबर. इथे दोन्ही बाजूंना तीन-तीन घरं, म्हणजे एका पट्टीला सात वेगवेगळ्या हातोड्या सांभाळायच्या. एकीशी जुळवलं की सहांशी बिघडतं: कुठे पट्टी ढिली, कुठे हातोडी तारेपासून नीट सुटत नाही. म्हणून आधी हातोड्यांच्या यंत्रणेची खालची टोकं सरळ पट्टी लावून एका रेषेत आणली, मग सगळे कॅपस्टन एकाच उंचीला. सरकणाऱ्या चौकटीला तेल अजिबात लावू नये, लाकूड ते पितं आणि धूळ धरतं. कोरडी टेफ्लॉन पूड पुरते.

दांडा स्केल बदलतो, स्वरसंगती देत नाही. बर्लिन यांना नोटेशन लिहिता येत नव्हतं. ते चाल वाजवून किंवा गाऊन दाखवत, मदतनीस लिहून घेई, वेगवेगळे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) वाजवून दाखवी, आणि मनातला सापडेपर्यंत बर्लिन ‘नाही’ म्हणत राहत. चाल मदतनीसच रचतो ही कुजबुज मला म्हणूनच पटत नाही. हवा तो कॉर्ड कानात आधीपासून असल्याशिवाय इतक्या ठामपणे ‘नाही’ म्हणता येत नाही.

त्यांचा वेझर ब्रदर्स कंपनीचा 1940 चा पियानो आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. या पियानोच्या मालकांना एवढंच बजावलं: पट्टी दाबलेली असताना दांडा हलवायचा नाही. वर आलेला कॅपस्टन शेजारच्या भागाला आडवा घासतो आणि फेल्ट फाटतं.