आमची वाटचाल: चारदा उचललेली पऱ्हाटी

पहिल्या हंगामात आम्ही ब्रिकेटसाठी, म्हणजे दाबून केलेल्या जळणाच्या विटांसाठी, अख्खी पऱ्हाटी (कापूस वेचून झाल्यावर उरलेली झाडं) भरायचो. ट्रॉली हत्तीएवढी दिसायची, काट्यावर मात्र 7-8 क्विंटल. डिझेल जाळून हवाच वाहत होतो म्हणा! शिवाय धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) गंज, मग ट्रॉली, मग यार्ड, मग ट्रक. चारदा उचल, चारदा हमाली.

सुरुवातीचे भागीदार, ट्रॅक्टरवाले भाऊ, एकदा वैतागून म्हणाले, "मशीन वावरात ने ना, पऱ्हाटी कायले हिंडवतो?" यार्डातलं श्रेडर, म्हणजे चुरा करायचं मशीन, ट्रॅक्टरच्या पीटीओवर (मागच्या फिरत्या दांड्यावर) घेतलं, धुऱ्यावर उभं केलं. चुरा थेट जाळी लावलेल्या ट्रॉलीत. खेपेला 18 क्विंटल.

श्रेडरची पाती आजही मीच काढतो. चारही सारख्या वजनाची नसली तर मशीन थरथरतं, बेअरिंग जातं. म्हणून धार लावली की किराण्याच्या काट्यावर तोलतो. बायको हसते. चिमट्याने उपटलेली पऱ्हाटी दोनदा आपटून घ्या, मुळीची काळी माती धार खाते आणि पुढे राखही वाढवते.

तिसऱ्या वर्षी मार्चात अवकाळी आला. घाईत ओलसर चुऱ्याचा उंच ढीग मारला. आठव्या दिवशी ढिगातून वाफ. हात घातला तो कोपरापर्यंत पोळला. आत सगळं काळं. ब्रिकेटवाल्याकडून तीन ट्रक परत आले, भाडं आमच्याच माथी. त्याच आठवड्यात, रोज यार्डात चहाला येणाऱ्या एकाने मशीनचे फोटो काढून तसंच बनवून घेतलं आणि "ते बुडाले" म्हणत आमची अकरा गावं उचलली. पुढे शेतकऱ्यांचे पैसे त्याने थकवले. शिव्या आम्हाला, कारण पऱ्हाटीवाले म्हटलं की आम्हीच.

ब्रिकेटवाल्या शेठनी तेव्हा एवढंच म्हटलं, "वाळवून आण." अर्धे पैसे आगाऊ दिले, साध्या चिठ्ठीवर. 2021 मध्ये औष्णिक वीज केंद्रांना कोळशासोबत 5 टक्के बायोमास (शेतातला काडीकचरा) जाळण्याच्या सक्तीचा आदेश निघाल्यावर चौकशा वाढल्या, दरही बरे मिळतात. तरी हंगामातला पहिला ट्रक शेठकडेच जातो.

मधली वर्षं ठीक गेली.

नवीन पोरांनो, दुसऱ्या मशीनआधी ओलावा मोजायचं मीटर आणि ताडपत्री घ्या. आणि शेतकरी दादांनो, फरदड (हंगाम संपल्यावरही उभं ठेवलेलं कापसाचं पीक) ठेवू नका. चार बोंडांपायी गुलाबी बोंडअळी पोसता, आमचाही हंगाम मागे ढकलता.

आमची नक्कल करणाऱ्या त्या गृहस्थांचं मशीन सध्या विकायला आहे. मी पाहून आलो. पात्यांना धारच नाही.