रात्री साडेदहाचा भात

गोव्यातल्या माणसाला मासा ओळखायला शिकवू नये. म्हापशाच्या नाहीतर पणजीच्या बाजारात नुस्तेकान्नीसमोर, म्हणजे मासेवालीसमोर, उभं राहायचं, कल्ला उचलून आत लाल आहे का पाहायचं, डोळा फुगीर की खोल गेलेला ते बघायचं, पाठीवर बोट दाबायचं, आणि भाव ऐकून दोन पावलं पुढे जाऊन परत यायचं. ही विद्या घराघरांत आहे. पण रात्री दहानंतर पर्वरीच्या नाहीतर मिरामारच्या एखाद्या आठ टेबलांच्या सूशीवाल्याकडे शिरलं, की तिचा फारसा उपयोग होत नाही. समोर येतो तो बोटभर तुकडा. त्याला ना कल्ला ना डोळा, आणि पाठीवर बोट दाबायला गेलात तर वेटर बघत राहील. शिवाय सूशी हा मुळात माशाचा पदार्थच नाही. सूशी म्हणजे व्हिनेगर लावलेला भात. वर मासा असेल, अंडं असेल, काकडी असेल, पण भात नसेल तर त्याला सूशी म्हणत नाहीत. त्यामुळे रात्रीचं ठिकाण निवडायचं ते भातावरून.

हा भात आपल्या उकड्या तांदळाचा होत नाही आणि बासमतीचाही होत नाही. आखूड, जाड जपानी तांदूळ लागतो, कारण त्यात चिकटपणा असतो. पाणी निवळ येईपर्यंत तो धुवायचा, अर्धा तास भिजत ठेवायचा, जवळजवळ तेवढंच पाणी घालून शिजवायचा आणि गॅस बंद केल्यावर झाकण न काढता दहा-पंधरा मिनिटं वाफेवर ठेवायचा. ३०० ग्रॅम तांदळाला साधारण ४ मोठे चमचे तांदळाचं व्हिनेगर, २ मोठे चमचे साखर आणि एक लहान चमचा मीठ. भात गरम असतानाच हे पाणी वरून शिंपडायचं आणि लाकडी पळीने भात कापल्यासारखा हलवायचा, घोटायचा नाही. घोटला की खळ होते. सोबत वारा घालायचा, म्हणजे वरचं पाणी उडून शितांना चमक येते. आपल्याकडचं माडाच्या सुरेचं व्हिनेगर सोरपोतेलच्या डुकराच्या रश्श्याला झकास, इथे नको. त्याचा वास काकडीला गिळून टाकतो.

असा भात अंगाएवढा कोमट असताना वापरायचा असतो, आणि सगळी गोम इथेच आहे. व्हिनेगरमुळे तो काही तास बाहेर टिकतो, पण शितांची मऊ अवस्था टिकत नाही. फ्रिजमध्ये ठेवला तर आणखी लवकर जाते. शिजताना सैल झालेला स्टार्च थंडीत परत घट्ट जुळतो आणि शीत खडखडीत होतं. फोडणीच्या भाताला कालचा भात चांगला का लागतो, त्याचं कारण हेच. सूशीचा घात होतो त्याचंही हेच. चांगला कारागीर संध्याकाळी एकदाच डोंगर लावून ठेवत नाही. साडेसहाला एक भात, नऊच्या सुमाराला दुसरा. कंजूष हॉटेलात दुसरा लागत नाही, आणि साडेदहाला पोचणाऱ्या गिऱ्हाईकाच्या ताटात सहाचा भात पडतो.

म्हणून निघण्याआधी फोन करावा. इंटरनेटवर "साडेअकरापर्यंत उघडे" लिहिलेलं असतं ते दाराबद्दल. स्वयंपाकघर बहुधा त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी आवरायला घेतात. शेवटची ऑर्डर कितीला, हे विचारावं. दुसरा भात कधी लावला, हेही विचारावं. पलीकडचा माणूस गडबडला तर तेवढं उत्तर पुरे आहे. आणि आज काय नाही, हेही विचारावं. हा प्रश्न मला सगळ्यांत कामाचा वाटतो. "आज टूना नाही, सामन आहे" असं सरळ सांगणारं हॉटेल माल मोजून आणतं. "सगळं आहे, या तुम्ही" म्हणणाऱ्याकडे साठ प्रकारचे रोल, थाई करी आणि पिझ्झाही असतो, आणि एवढ्या साठ्याचं फ्रिजमध्ये नक्की काय चाललंय ते त्यालाच ठाऊक.

अंतराचाही हिशेब असतो. हंगामात शनिवारी रात्री हणजुणे-आसगावच्या अरुंद रस्त्यांवर गाडी लावायलाच वीस मिनिटं जातात. घरापासून दहा मिनिटांवरचं साधं ठिकाण चाळीस मिनिटांवरच्या नावाजलेल्यापेक्षा बरं, कारण शेवटच्या ऑर्डरीला धापा टाकत पोचलेल्या माणसाला कारागीरही तशीच घाईची सूशी वळून देतो. परतताना गाडी कोण चालवणार, हेही निघतानाच ठरलेलं बरं.

आता मासा. इथे आपली सगळी शिकवण उलटी होते. कच्चा खायचा मासा नुकताच समुद्रातून आलेला असला की झालं, असं आपल्याला वाटतं. पण समुद्रातल्या माशांत अनिसाकिस नावाचे बारीक कृमी असू शकतात, आणि मासा ताजा असल्याने ते मरत नाहीत. गोठवल्याने मरतात. अमेरिकेच्या अन्न-औषध विभागाचं मार्गदर्शन आहे, की उणे २० अंशांवर ७ दिवस, नाहीतर उणे ३५ अंशांवर पुरता गोठवून त्याच तापमानाला १५ तास. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा उणे १८ च्या आसपास असतो, म्हणून मालीमच्या जेटीवरून इसवण, म्हणजे सुरमई, आणून घरी सूशी करायचा बेत कितीही मोहाचा वाटला तरी सोडून द्यावा. बांगड्याचं दुखणं आणखी वेगळं. तो उन्हात थोडा वेळ राहिला तरी त्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते नंतर शिजवूनही जात नाही. तोंड लाल होतं, डोकं ठणकतं. जपानी लोक बांगड्याच्या भावकीतला मासा सूशीत वापरतात, तो आधी मिठात आणि मग व्हिनेगरमध्ये मुरवून, पण मुरवण्याने कृमी मरतात असं नाही. हॉटेलात मासा गोठवलेला होता का, असं विचारलं आणि "हो" म्हणाले, तर नाक मुरडू नये, बसावं. "एकदम फ्रेश, आज सकाळचा" असं छातीठोक सांगितलं, तर मात्र शिजवलेलं काहीतरी मागवावं.

रंगावरही जाऊ नका. टूना, म्हणजे आपल्या कुप्याच्या कुळातला, चेरीसारखा एकसारखा गुलाबी-लाल दिसत असेल तर बहुधा त्याला कार्बन मोनॉक्साइड दिलेला असतो. त्याने रंग आठवडेच्या आठवडे तसाच राहतो, आतला मासा कसा का असेना. सामनचा नारिंगी रंग खाद्यातून येतो. पाळलेल्या सामनला गोळ्यांचं खाद्य देतात, म्हणून त्यात कृमींची भीतीही पुष्कळ कमी. खुद्द जपानमध्ये सामन कच्चा खायची रीत नव्हती. १९८० च्या दशकात नॉर्वेवाल्यांनी आपला पाळीव सामन त्यांच्या गळी उतरवला. आपल्याकडे मात्र मेनूवर "इंडियन सामन" दिसला तर थांबा. तो रावस. सामनशी त्याचं काही नातं नाही. तव्यावर त्याचा मान मोठा, कच्चा मागवू नये.

पावसाळ्यात आणखी दोन भानगडी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या किनाऱ्याला असतात. सूशीवाल्याचं त्यात फारसं अडत नाही, त्याचा सामन विमानाने येतो. पण जुलैत कोणी "लोकल कॅच" म्हणून कच्चा मासा पुढे केला तर कुठला, हे विचारायचा हक्क आपला आहे. दुसरी भानगड विजेची. ज्या दिवशी दुपारभर लाईट गेलेली असते, त्या रात्री जनरेटर नसलेल्या हॉटेलात कच्चं खाऊ नये. विरघळून परत गोठलेला सामन कडेने भुसभुशीत होतो आणि ताटलीत खाली पाण्याचं तळं करतो. ते तळं दिसलं की समजायचं.

जागा मिळाली तर काउंटरवर बसावं, तिथे लपवायला काही राहत नाही. भाताच्या डब्यावर ओलं फडकं आहे का? कारागीर मधूनमधून व्हिनेगरच्या पाण्यात बोटं बुडवतो का, आणि रोलवर दोन-तीनदा सुरी चालवली की ती पुसतो का? हातमोज्यांनी भुलू नये. एकच जोडी घालून पैसे घेणारे आणि मासा कापणारे हात पाहिलेले आहेत. काचेच्या पेटीत आधीच कापून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले रोल रांगेत दिसले तर पाणी पिऊन उठायला हरकत नाही.

पहिल्यांदा मागवायची ती दोन निगिरी, बाकी सगळं नंतर. निगिरी म्हणजे हाताने वळलेला १५ ते २० ग्रॅम भाताचा लांबट गोळा आणि वर माशाचा काप. हाताने खाल्ली तरी चालते, जपानी लोकही खातात. उचलताना ती मोडू नये, आणि तोंडात टाकल्यावर दाताची वाट न बघता सुटावी. शितं एकेक दिसायला हवीत. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती इथे अक्षरशः करायची असते. गार, टणक लागली तर भात सहाचा. पिठाळ लगदा लागला तर घोटलेला. सोयामध्ये बुडवायची ती माशाची बाजू. भाताची बुडवली की भात मीठ पिऊन विस्कटतो आणि दोष कारागिराला लागतो. दोन निगिरी बऱ्या निघाल्या तरच पुढचं मागवायचं. नाही निघाल्या तर तळलेल्या सुंगटांचा, म्हणजे कोळंबीचा, टेम्पुरा रोल घ्यावा, कुरकुरीत आवरणाखाली भाताचे बरेच गुन्हे झाकले जातात. बिल किती होईल याआधी पोट किती मावेल तेही बघावं. आठ तुकड्यांच्या एका रोलमध्ये सवाशे ग्रॅमच्या वर भात असतो. तीन रोल म्हणजे शितकडीचं भरलेलं ताट झालं, फक्त कडी नाही.

सोमवार-गुरुवार पाळणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मिसो सूप, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं सार, शाकाहारी दिसतं, पण त्याचं पाणी बहुधा धुरावलेल्या सुक्या माशाचं असतं. आणि खेकड्याची म्हणून येणारी लाल-पांढरी कांडी खेकड्याचीही नसते आणि भाजीचीही नसते, ती माशाच्या लगद्याची. राणी मासा त्याला पुष्कळ वापरतात. बारा वाजून गेले म्हणजे मंगळवार लागला, ही पळवाट ज्यांना सुचते त्यांनी वार सूर्योदयाला बदलतो की घड्याळाला, हे घरच्या आजीला विचारून घ्यावं.

वासाबीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ताटलीतला हिरवा गोळा बहुतेक ठिकाणी हॉर्सरॅडिश, मोहरी आणि रंग. नाक झणझणतं, काम होतं.

पार्सल मात्र नको. स्कूटरवर वीस मिनिटांत नोरी, म्हणजे रोलभोवतीचा समुद्री शेवाळाचा कागद, वाफ धरून चामड्यासारखी होते. गोव्याच्या हवेत तर उघड्या पाकिटातलीही होते. समोर वळून दिलेला शंकू-रोल म्हणूनच हातात आल्या आल्या खायचा, फोटो नंतर. एवढं असूनही काही उरलंच आणि बांधून आणलंच, तर काकडी-अवोकॅडोचे किंवा शिजलेल्या सुंगटांचे तुकडे फ्रिजमध्ये ठेवावेत. सकाळी ते फेटलेल्या अंड्यात बुडवून तव्यावर थोड्या तेलात परतले की टणक झालेली शितं पुन्हा मऊ होतात, आणि कडा कुरकुरीत. कच्च्या माशाचे तुकडे माणसांसाठी ठेवायचे नाहीत. ते रात्रीच दारातल्या मांजराला घालावेत, वासाबी आणि सोया पुसून. मासा ते उचलतं. भाताचा गोळा हुंगून तिथेच सोडतं.