पाश्चरच्या हातातली बाटली

चित्रात शास्त्रज्ञ दिसला की आपल्यातला रसिक लगेच कामाला लागतो. खिडकीतून उजेड येतोय? म्हणजे ज्ञान. कोपऱ्यात काळोख? अज्ञान. जाडजूड ग्रंथ असेल तर परंपरा, आणि चुकून एखादी कवटी असेल तर विचारूच नका. अल्बर्ट एडेलफेल्ट या फिनिश चित्रकारानं १८८५ साली रंगवलेलं लुई पाश्चरचं चित्र (पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे) मात्र या हिशेबात बसत नाही.

पाश्चर प्रयोगशाळेत उभा आहे. अंगात गडद कोट, कोपर जाड पुस्तकावर टेकलेलं, एका हातात टिपणाचा कागद, दुसऱ्यात काचेची बाटली. बाटलीत काहीतरी लोंबतंय. अर्थ लावणारा म्हणेल, जीवनाचा धागा. प्रत्यक्षात तो आहे रेबीजनं मेलेल्या सशाचा मज्जारज्जू! दोऱ्याला बांधून टांगलेला. तळाशी पोटॅश, ते ओल शोषून घेतं. मज्जारज्जू जसजसा सुकतो तसतसा त्यातल्या रोगाचा जोर ओसरतो. ६ जुलै १८८५ला पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या पोराला पहिली लस टोचली ती पंधरा दिवस सुकलेल्या मज्जारज्जूची. मग दिवसागणिक अधिक ताजा, अधिक जहाल. एकूण तेरा टोचण्या, पोटाच्या कातडीत.

पोटात इंजेक्शनं म्हटल्यावर आपल्याकडच्या चाळिशीपुढच्या माणसाचा हात आपसूक बेंबीकडे जातो. कुत्रं नुसतं हुंगून गेलं तरी ‘आता चौदा घ्यावी लागणार’ म्हणून घाबरवणारं कुणीतरी प्रत्येक चाळीत असायचंच. त्या चौदा सुयांचं घराणं याच बाटलीपर्यंत जातं. तिला प्रतीक म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

लेऑं बोना यानं १८८६ मध्ये पाश्चरला नातीसोबत उभं करून रंगवलं. तिथं तो थोर माणूस दिसतो, दिवाणखान्यात लावण्याजोगा. एडेलफेल्टचा पाश्चर आपल्याकडे बघतच नाही. कपाळाला आठी घालून बाटली निरखतोय.

आणि तो कागद! बाटलीच्या नादात त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. त्यावर काय लिहिलंय हे कळायला मार्ग नाही, पण माझा आपला अंदाज, तारखा असाव्यात. कुठली बाटली कितव्या दिवसाची, याची नोंद. त्यात गल्लत झाली असती तर मायस्टरचं काही खरं नव्हतं.